स्वादुपिंड, दुर्बीण आणि चार आठवड्यांची वाट

स्वादुपिंडाला अचानक सूज आलेले बहुतेक रुग्ण सलाईन आणि वेदनाशामकांवर आठवडाभरात सावरतात. काहींच्या बाबतीत मात्र ग्रंथीचा आणि भोवतालच्या चरबीचा भाग मरतो, त्यात जंतू शिरतात आणि पोटात खोलवर पू साठतो. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत यावर मुख्य उपाय एकच होता : पोट उघडून मेलेला भाग काढायचा, लागलं तर पुन्हा उघडायचं. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं आधीच थकलेल्या माणसाला हा दुसरा घाव सोसत नसे.

१९९६मध्ये अमेरिकेत टॉड बॅरन आणि सहकाऱ्यांनी असे साठे एंडोस्कोपीने रिकामे केल्याचं प्रसिद्ध केलं. स्वादुपिंड जठराच्या अगदी मागे असतं, त्याचाच हा फायदा. तोंडातून दुर्बीण जठरात न्यायची, मागच्या भिंतीतून साठ्यात वाट करायची, की पू जठरात उतरतो. दुर्बिणीच्या टोकावर सोनोग्राफी आल्यावर मधली रक्तवाहिनी चुकवून सुई घालता येऊ लागली.

तरी पारडं खऱ्या अर्थाने फिरलं ते २०१०मध्ये, नेदरलँड्समधल्या ८८ रुग्णांच्या चाचणीने. आधी फक्त नळीने निचरा आणि गरज पडली तरच छोट्या छेदातून सफाई, असं पायरीपायरीने गेल्यावर मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू ४० टक्के रुग्णांत दिसला. थेट पोट उघडलेल्यांत ६९ टक्के. पायरीने गेलेल्यांपैकी ३५ टक्क्यांना तर निचराच पुरला. त्याच देशातल्या २०१८च्या चाचणीत छेदाच्या वाटेशी तुलना करता दुर्बिणीने मृत्यू कमी झाले नाहीत, पण स्वादुरस गळत राहण्याचा त्रास ३२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गळणाऱ्या रसासाठी महिनोन्महिने पोटावर पिशवी बाळगणाऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

दरम्यान प्लास्टिकच्या बारीक नळ्यांच्या जागी दोन्ही टोकांना रुंद कडा असलेले धातूचे स्टेंट आले. त्यातून दुर्बीणच साठ्यात उतरवून मृत मांस ओढून काढता येतं. प्लास्टिक आणि धातूच्या स्टेंटच्या तुलनेवर पुण्याच्या डॉ. अमोल बापये यांच्या गटानेही काम केलं आहे. धोकाही लवकरच कळला : साठा आकसला की स्टेंटची कड मागच्या रक्तवाहिनीवर घासून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून साधारण तीन आठवड्यांनी सीटी स्कॅन करून, साठा ओसरला असेल तर स्टेंट काढण्याची पद्धत रुळली.

माझ्या मते या तीस वर्षांतला सर्वांत मोठा शोध उपकरणांचा नाही, वेळेचा आहे. साठ्याभोवती पक्की भिंत धरायला सुमारे चार आठवडे लागतात. २०२१च्या डच चाचणीत १०४ रुग्णांपैकी एका गटाचा निचरा लगेच केला, दुसऱ्याला भिंत धरेपर्यंत थांबवलं. लगेच केल्याने गुंतागुंत कमी झाली नाही. थांबवलेल्यांपैकी ३९ टक्के नुसत्या अँटिबायोटिक्सवर निभावले. आयसीयूबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना ‘अजून काहीच का करत नाहीत?’ असं वाटतं, तेव्हा हा आकडा त्यांना सांगायला हवा. आणि हेही, की त्या आठवड्यांत नाकातल्या नळीने अन्न चालू असतं, ताप-रक्तदाबावर रोज नजर असते आणि प्रकृती ढासळली तर भिंतीची वाट न पाहता निचरा केला जातो.