नौकेचा पंखा : लहान भाग, मोठा परिणाम

भारतातील सागरी मासेमारी नौकांचे बिगरमोटर, मोटरयुक्त आणि यांत्रिक असे तीन वर्ग केले जातात. बाहेरून बसविलेल्या आउटबोर्ड इंजिनावर चालणाऱ्या पारंपरिक नौका दुसऱ्या वर्गात मोडतात. केरळच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकात अशा इंजिनांचा झपाट्याने प्रसार झाला. वल्ह्याचे श्रम वाचले. मात्र इंधनखर्च हा मच्छीमाराच्या अर्थकारणातील कळीचा प्रश्न बनला. इंजिनाची शक्ती पाण्यापर्यंत पोहोचविणारा पंखा सदोष असेल, तर हेच महाग इंधन वाया जाते.

पंख्याची निवड

पंख्यावर साधारणतः दोन आकडे असतात. पहिला व्यासाचा आणि दुसरा ‘पिच’चा, दोन्ही इंचांत. एका फेऱ्यात पंखा घन पदार्थातून जितका पुढे सरकला असता, ते अंतर म्हणजे पिच. पाणी मागे रेटले जात असल्याने प्रत्यक्ष अंतर कमी भरते. या फरकास ‘घसरण’ म्हणतात. पिच एक इंच वाढविल्यास इंजिनाचे फेरे मिनिटाला सुमारे १५० ते २०० ने घटतात. नेहमीचा भार घेऊन पूर्ण वेगात असताना उत्पादकाने नेमून दिलेल्या फेऱ्यांच्या मर्यादेत इंजिन राहिले पाहिजे, ही निवडीची कसोटी होय. पिच अधिक असल्यास इंजिनावर ताण येतो; कमी असल्यास ते प्रमाणाबाहेर फिरते.

बदलण्याची पद्धत

वाकलेले वा तुटलेले पाते, वाढलेली थरथर, किंवा फेरे वाढूनही वेग न वाढणे, ही पंखा तपासण्याची लक्षणे आहेत. काम करताना इंजिन बंद करून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा व स्पार्क प्लगच्या तारा काढाव्यात. अन्यथा हाताला गंभीर इजा होऊ शकते. पाते व वरील आडव्या पट्टीत लाकडी ठोकळा अडकवून, स्प्लिट पिन काढून नट सैल करावा. शाफ्टभोवती जाळ्याचा दोरा गुंडाळला असल्यास तो काढणे अगत्याचे असते, कारण त्यामुळे सील फाटून गिअरपेटीत पाणी शिरते. त्यानंतर जलरोधक ग्रीस लावून, वॉशर मूळ क्रमाने बसवून नवा पंखा व नवी स्प्लिट पिन लावावी.

अॅल्युमिनियमचा पंखा स्वस्त असतो आणि खडकावर आदळल्यास स्वतः वाकून गिअरवरील आघात काहीसा सोसतो. पोलादी पंखा अधिक कार्यक्षम व टिकाऊ, पण महाग असतो.

धोरणाचा संदर्भ

२०२० साली मंजूर झालेल्या २०,०५० कोटी रुपयांच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांसाठी नौका, जाळी व सुरक्षा साहित्याची तरतूद करण्यात आली. मासेमारी तंत्रज्ञानावर संशोधन करणारी कोचीची केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून कार्यरत आहे. तथापि, अनुदानातून साधन मिळाले तरी ते कार्यक्षम ठेवण्याचे कौशल्य मच्छीमाराच्या हाती असावे लागते. भर समुद्रात पंखा निकामी झाल्यास केवळ दिवसाची कमाईच नव्हे, तर जीवही धोक्यात येतो. म्हणूनच देखभालीचे प्रशिक्षण व सुटे भाग किनाऱ्यावरच उपलब्ध होणे, हा मत्स्यविकासाचा अविभाज्य भाग मानला पाहिजे.