मेंदू-मज्जारज्जू द्रवातील प्रथिने आणि जीबीएसचे निदान

प्रस्तावना :
जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिलेन-बारे सिंड्रोम अर्थात जीबीएसचा उद्रेक झाला. या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. निदानासाठी पाठीतील पाणी, म्हणजेच मेंदू-मज्जारज्जू द्रव तपासला जातो. त्यातील प्रथिने वाढलेली नसतील तर हा विकार नाही, असे मानणे मात्र घातक ठरू शकते.

पार्श्वभूमी :
कमरेच्या मणक्यांमधून सुईने हा द्रव काढण्याची पद्धत हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये मांडली. पुढे १९१६ मध्ये गिलेन, बारे व स्त्रोल या फ्रेंच वैद्यांनी हातापायांतील बळ गेलेल्या दोन सैनिकांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या द्रवात प्रथिने वाढली होती; पेशी मात्र वाढल्या नव्हत्या. मेंदूज्वरात सामान्यतः दोन्ही वाढतात. म्हणून ही प्रथिन-पेशी विसंगती जीबीएसची महत्त्वाची खूण ठरली.

कारणमीमांसा :
कॅम्पिलोबॅक्टर जेजुनीसारख्या जंतूंचे काही घटक नसांवरील घटकांशी साम्य राखतात. त्यामुळे जंतूंविरुद्ध निर्माण झालेली प्रतिपिंडे नसांवरही आघात करतात. मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसांची मुळे सुजली की रक्त व नसा यांमधील अटकाव शिथिल होतो आणि रक्तातील प्रथिने द्रवात झिरपतात. प्रौढांत या प्रथिनांचे प्रमाण सर्वसाधारणपणे १०० मिलिलिटरमागे सुमारे ४५ मिलिग्रॅमपर्यंत असते.

तपासणीचा काळ :
ही झिरपण हळूहळू वाढत जाते. पहिल्या आठवड्यात जवळपास निम्म्या रुग्णांत प्रथिने प्रमाणातच आढळतात. तिसऱ्या आठवड्यापर्यंत बहुसंख्य रुग्णांत ती वाढतात. उपचार मात्र इतके थांबू शकत नाहीत. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणे शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावे लागते. श्वसनाचे स्नायू दुबळे झाल्यास प्राणावर बेतते. याउलट, मधुमेहासारख्या विकारांतही प्रथिने वाढू शकतात. द्रवात घनमिलिमीटरमागे पन्नासहून अधिक पेशी आढळल्यास अन्य आजाराचा शोध घेणे आवश्यक ठरते.

समारोप :
तात्पर्य, प्रथिनांचा आकडा हा निदानाला पुष्टी देणारा पुरावा आहे, अंतिम निवाडा नव्हे. पायांपासून वर चढत जाणारी दुर्बलता, मंदावलेल्या प्रतिक्षिप्त क्रिया, नसांची विद्युत तपासणी आणि आजाराचा दिवस यांच्या संदर्भातच त्या आकड्याचा अर्थ लावणे इष्ट होय.