अंगठा लावण्यापूर्वी : ज्येष्ठ पेन्शनधारकांनी आपले पैसे कसे सांभाळावेत?

हा लेख कोणासाठी?
वाराणसी जिल्ह्यात वृद्धापकाळ किंवा विधवा पेन्शन घेणाऱ्या मराठी भाषक ज्येष्ठांसाठी, मग आपण दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या जुन्या वस्तीत राहत असा किंवा अन्यत्र.

धोका कुठे असतो?
पेन्शन थेट आपल्या बँक खात्यात जमा होते. फसवणूक बहुधा पैसे काढताना होते. जनसेवा केंद्रात किंवा बँक मित्राकडे आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात. ओटीपी लागत नाही. म्हणजे आपला अंगठा हीच आपली सही आहे.

अंगठा लावताना
• ठसा कशासाठी हवा, हे आधी विचारा. शिल्लक पाहायलाही ठसा लागतो आणि पैसे काढायलाही.
• ‘ठसा उमटला नाही, पुन्हा लावा’ असे सांगितल्यास आधीचा व्यवहार झाला नसल्याची पावती किंवा स्क्रीन दाखवायला सांगा.
• पैसे मोजून घ्या, पावती घ्या, पासबुक दर महिन्याला भरून घ्या.
• खात्याला आपलाच मोबाइल क्रमांक जोडा.

बोटांचे ठसे लॉक करता येतात
आधारच्या संकेतस्थळावर किंवा आधारच्या मोबाइल अ‍ॅपवर ही सोय आहे. त्यासाठी मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला हवा. लॉक असताना आपल्या ठशाने कोणालाही पैसे काढता येत नाहीत. गरज असेल तेव्हा थोड्या वेळासाठी लॉक उघडा. मदतीसाठी १९४७ वर फोन करा.

फोन आला तर
‘पेन्शन बंद होईल, ओटीपी सांगा’ असे म्हणणारा ठगच समजा. लगेच फोन ठेवा. शंका असल्यास स्वतः बँकेत किंवा आपल्या पेन्शनशी संबंधित जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही अटक कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि पैसेही मागत नाहीत.

घरातीलच व्यक्ती पैसे घेत असेल तर
पेन्शन आपल्या नावावर आहे. मुलगा, सून किंवा पुतण्या पासबुक काढून घेत असेल, तर तो घरगुती मामला म्हणून सोडून देऊ नका. एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकावर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत विनामूल्य सल्ला मिळतो.

घर नावावर करून देण्याचा विचार असेल, तर ‘माझा सांभाळ करावा’ ही अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ नुसार अट पाळली नाही तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. त्यासाठी उपजिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा.

पैसे गेलेच तर
१. तत्काळ १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात.
२. त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, चूक आपली किंवा बँकेची नसून तिसऱ्याची असेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान आपल्यावर पडत नाही.
३. ओटीपी आपणच सांगितला असला तरीही कळवा. कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी बँकेची असते.

फसवले गेल्याची लाज वाटून गप्प बसू नका. त्या गप्प बसण्याचा फायदा ठगालाच होतो.