नाव सोनुबाई : दूरचित्रवाणी संचाची पाटी वाचताना

मंडळी, बाजारात बैल घ्यायचा झाला तर तुम्ही काय करता? दात पाहता, खूर पाहता, चार पावले चालवून पाहता. दलाल नुसता ‘खिलार आहे’ म्हणाला म्हणून कोणी पैसे मोजत नाही. पण घरात किंवा शाळेत दूरचित्रवाणी संच, म्हणजे आपला टीव्ही, घ्यायचा झाला की हीच पारख कुठल्या कुठे जाते! पाटीवरची मोठी अक्षरे पाहून आपण हरखतो. म्हणून आज त्या अक्षरांचा अर्थ नीट समजावून घेऊ.

पहिले अक्षर ‘एलईडी’. त्याच्या आधी ‘एलसीडी’ संच होते, हे तुम्हाला आठवत असेल. एलसीडीचा पडदा म्हणजे द्रवस्फटिकाच्या लाखो बारीक झडपा. या झडपा स्वतः उजेड देत नाहीत. मागून येणारा उजेड कमी-जास्त सोडतात, आणि त्यातून चित्र उमटते. खिडकीची झडप उघडली की ऊन आत येते, मिटली की अंधार, तसेच हे. पूर्वी मागचा उजेड बारीक नळ्यांच्या दिव्यांचा असे. पुढे नळ्या गेल्या आणि एलईडी दिवे आले. पडदा मात्र तोच राहिला! तरी दुकानाच्या पाटीवरून ‘एलसीडी’ नाहीसा झाला आणि ‘एलईडी टीव्ही’ अवतरला. जणू चित्रच एलईडी दिव्यांचे बनते. ब्रिटनमध्ये 2009 साली जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेपुढे हीच तक्रार आली, आणि अशा जाहिरातीने ग्राहकाची दिशाभूल होते असे तिने ठरवले.

आता न्यायाने बोलायचे तर नव्या दिव्यांचा फायदा खरा आहे. वीज कमी लागते, संच पातळ होतो, नळ्यांतला पारा टळतो. पण कंदिलातली वात बदलली म्हणून कंदिलाला सूर्य म्हणायचे का? प्रश्न एवढाच आहे.

दुसरी गंमत ‘ओएलईडी’ आणि ‘क्यूएलईडी’ यांची. इंग्रजी ‘ओ’ला शेपटी काढली की ‘क्यू’ होतो. फरक शेपटीएवढा वाटतो, पण आत तो फार मोठा आहे. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो आणि स्वतः विझतो. म्हणून काळा रंग खराखुरा काळा दिसतो. 2017 पासून बाजारात गाजलेल्या क्यूएलईडी संचांत मात्र मागे दिवे आणि पुढे झडपा हीच जुनी मांडणी असते. मध्ये रंग शुद्ध करणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा एक थर वाढतो. हे कण काही थोतांड नव्हे, बरं का! त्यांच्या शोधासाठी 2023 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांना मिळाले. विज्ञान खरे आहे. नावाची जुळवाजुळव तेवढी फसवी आहे.

आता ठिपक्यांचा हिशेब. गुरुजी, हा मुलांना फळ्यावर करायला द्या. ‘फुल एचडी’ म्हणजे आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके; गुणाकार 20,73,600. ‘फोर-के’ म्हणजे 3840 गुणिले 2160; उत्तर 82,94,400, म्हणजे बरोबर चौपट. आणि ‘एचडी रेडी’? नाव ऐकून सगळे तयार आहे असे वाटते. पण लहान संचांत बहुधा 1366 गुणिले 768 एवढेच ठिपके असतात. म्हणजे फुल एचडीच्या निम्मेच!

मग चौपट ठिपके म्हणजे चौपट सुख का? नाही. माणसाच्या डोळ्याला मर्यादा आहे. 43 इंची फुल एचडी संचाचे ठिपके साधारण साडेपाच फुटांच्या पुढून निरोगी डोळ्यालाही सुटे दिसत नाहीत. आपण बसतो आठ-दहा फुटांवर. तेथून जादा ठिपक्यांचे पैसे दिसतात ते फक्त बिलावर. शिवाय आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वाहिनीवरून येणारे चित्रच जर कमी ठिपक्यांचे असेल, तर संच मधले ठिपके अंदाजाने भरतो. नवा तपशील तो कोठून आणणार?

शाळेसाठी संच घेताना हे फार महत्त्वाचे. लोकवर्गणीतून एकेक रुपया जमवून पैसा उभा राहतो. मागच्या बाकावरचे पोर वीस फुटांवर बसते. त्याला हवा मोठा पडदा, ठळक अक्षर आणि स्पष्ट आवाज. त्याच पैशात लहान फोर-के आणि मोठा फुल एचडी मिळत असेल, तर मोठा घ्यावा. पडद्याचे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे धरतात, हेही ध्यानात ठेवा. 32 इंची संच रुंदीला 28 इंचांच्या आसपासच भरतो.

पाटीवर आणखी मोठमोठे आकडे असतात. काळ्या-पांढऱ्यातला फरक दहा लाखांना एक, हालचालीचा वेग अमुक शंभर, असे. यांतले पुष्कळ आकडे कंपनीने आपल्याच पद्धतीने मोजलेले असतात. एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. विचारायचे एकच : “पडद्याचा खरा हर्ट्झ किती, ते लिहून द्या.”

दुकानातला झगमगाटही जपून पाहा. संचात दुकानासाठी म्हणून वेगळी, भडक मांडणी असते. ती बदलून घरगुती मांडणी लावायला सांगा. रात्रीचे एखादे दृश्य लावून काळे खरेच काळे दिसते का ते पाहा. शाळेचा धडा पेनड्राइव्हवर नेऊन तोच लावून पाहा. वर्षाला किती वीज लागेल, ते ताऱ्यांच्या चिठ्ठीवर छापलेले असते, ते वाचा. हमी किती वर्षांची, पडद्याला लागू आहे की नाही, दुरुस्तीला माणूस गावात येतो की संच तालुक्याला न्यावा लागतो, हे विचारा. आणि पक्के बिल घ्या. त्यावर पूर्ण मॉडेल क्रमांक हवा. जाहिरातीचा कागदही जपून ठेवा.

एवढे करूनही फसगत झाली तर गप्प बसू नका. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून अमलात आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण 10 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पुन्हा तसेच केले तर 50 लाखांपर्यंत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तेथे आपले बिल आणि तो कागद हाच आपला साक्षीदार.

नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपल्या आजीने दुकानदारांसाठी केली नसेल. पण दुकानाची पायरी चढताना ती आठवावी. पिकाचा पैसा वर्षातून एकदा हाती येतो. तो मोजून देण्याआधी चार प्रश्न विचारले, तर त्यात कमीपणा कसला?