घराला कुलूप, आत मुका जीव

६ डिसेंबर जवळ आला की आपल्या वस्तीत लगबग सुरू होते. चैत्यभूमीला जायचे असते. भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधली जाते, मुलांचे पांढरे कपडे धुऊन ठेवले जातात. सगळे निघतात आणि दाराला कुलूप लागते. पण घरातल्या कुत्र्याचे, मांजराचे काय? त्याची आठवण बहुधा कुलूप लावतानाच होते आणि तोवर गाडीची वेळ झालेली असते.

आमच्याच वस्तीतली गोष्ट आहे. एका कुटुंबाने दोन दिवसांसाठी जाताना कुत्र्याला खाटेच्या पायाला बांधले. समोर भात ठेवला, पाण्याचे पातेले ठेवले. घरात फिरून फिरून दोरी पायाला गुंडाळत गेली आणि आखूड झाली. पातेले जेमतेम हातभर दूर राहिले. कुत्रा रात्रभर ओरडला. शेजारी जागे होते, पण किल्ली कोणाकडेच नव्हती. घरचे परतले तेव्हा पातेले भरलेले होते आणि जनावर मरणाच्या दारात होते. ते वाचले. पण घरातली आजी एवढेच म्हणाली, "पाणी समोर असून पिता येत नाही म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला हवं होतं का?"

आजीचे बोलणे कोणालाही लागावे असेच आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना पाणी मिळत होते, आपल्या माणसांना नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तो लढा जनावरांविरुद्ध नव्हता. माणसाला जनावरापेक्षा हीन लेखणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध होता. तहानेचा अर्थ ज्या समाजाला कळतो, त्याच्या घरात मुका जीव तहानलेला राहता कामा नये.

खुद्द बाबासाहेबांना कुत्र्यांची आवड होती. राजगृहातील फेब्रुवारी १९३४ चे छायाचित्र अनेकांच्या घरी असेल. त्यात माता रमाई, यशवंतराव यांच्यासोबत टॉबी नावाचा कुत्राही आहे. सम्राट अशोकाने गिरनारच्या शिलालेखात माणसांबरोबर पशूंच्याही औषधोपचाराची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले आहे. रस्त्याकडेला विहिरी खोदल्या आणि झाडे लावली, तीही दोघांसाठीच. पंचशीलातील पहिले शील आपण रोज म्हणतो. जीव घेऊ नये एवढाच त्याचा अर्थ नाही, आपल्या आधाराने जगणाऱ्या जिवाची हेळसांड न करणे हेही त्यातच येते.

किती वेळ एकटे ठेवावे?

नवरा-बायको दोघेही कामावर आणि मुले शाळेत, ही आज घराघरातली स्थिती आहे. मोठा कुत्रा सहा ते आठ तास एकटा राहू शकतो, त्याहून जास्त वेळ त्याला लघवी रोखता येत नाही. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी कोणीतरी पाहायलाच हवे. मांजर एक दिवस निभावून नेते, पण रोज एकदा तरी कोणी येऊन गेले पाहिजे. मुक्कामाला जायचे असेल तर कुत्र्याला बंद घरात एकटे ठेवू नये, मग अन्न कितीही ठेवा.

निघण्यापूर्वी

पाणी दोन ठिकाणी ठेवावे. भांडे जड, पसरट आणि सहज न कलंडणारे असावे. मातीची कुंडी उत्तम. दूध-भात किंवा मासळी ठेवून जाऊ नये, उकाड्यात ती काही तासांत नासते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषासमान आहेत. शिजवलेली हाडेही देऊ नयेत, ती फुटून घशात व आतड्यात रुततात. उंदराचे औषध आणि डांबरगोळ्या कपाटात बंद कराव्यात.

बंद घरात कुत्र्याला बांधू नये. गॅलरीच्या कठड्याला तर कधीच नाही. उडी मारली तर गळफास बसतो. आखूड किंवा जड साखळीने जनावराला फार वेळ बांधणे आणि त्याला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने गुन्हा आहे.

पत्र्याचे घर दुपारी भट्टीसारखे तापते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. म्हणून खिडकी उघडी ठेवावी, पण तिला जाळी असावी. जमिनीवर ओले पोते अंथरावे. मांजरासाठी पसरट डब्यात वाळू ठेवावी. गॅसचा रेग्युलेटर बंद करावा. बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती आणि अगरबत्ती विझवूनच बाहेर पडावे. मांजराच्या शेपटीचा एक फटका घर पेटवायला पुरेसा असतो.

एकटेपणाची सवय

जनावराला घड्याळ कळत नाही. आपण गेलो की परत येणार, हे त्याला अनुभवानेच कळते. आधी पाच मिनिटे बाहेर जाऊन या, मग पंधरा, मग तासभर. निघताना कुरवाळत बसू नका आणि परतल्यावर त्याने घाण केली असेल तर मारू नका. मार कशासाठी पडला हे त्याला उमगत नाही, फक्त तुमची भीती बसते. निघण्यापूर्वी त्याला चांगले फिरवून आणा, दमलेला कुत्रा निवांत झोपतो. घरातल्या कोणाचा तरी अंगावरचा जुना सदरा त्याच्याजवळ ठेवा, त्या वासाने त्याला धीर येतो.

किल्ली शेजारी द्या

सर्वांत मोठी सोय म्हणजे शेजारी. जाण्यापूर्वी चार-पाच दिवस त्याच्या हातून जनावराला खाऊ घाला, म्हणजे ओळख पटेल. काय खातो, केव्हा खातो, जनावरांच्या डॉक्टरचा फोन नंबर कोणता, हे कागदावर लिहून किल्लीसोबत द्या. पिसाळण्याची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी टोचून घ्या, म्हणजे शेजारीही निर्धास्त राहील. तो कोणत्याही जातीधर्माचा असो, तो गावाच्या जत्रेला गेला की त्याच्या मांजराला आपण पाहावे. मैत्री अशीच एका दारातून दुसऱ्या दारात जाते.

त्या आजीच्या घरी आता एक रीत पडली आहे. चैत्यभूमीला निघायच्या आदल्या दिवशी धाकटी नात शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि कागद नेऊन देते. कागदावर पहिली ओळ तिनेच मोठ्या अक्षरात लिहिलेली असते : पाणी दोनदा बदला.

आपल्याही घरातल्या मुलांना हे काम द्या. करुणा शिकवण्यासाठी याहून सोपा धडा नाही.

जयभीम!