सुईची जुनी भीती आणि सुईचा जुना मोह

डहाणू-तलासरीकडच्या कुठल्याही घरात साठी ओलांडलेल्या माणसापुढे दवाखान्याचा विषय काढून पाहा. पहिली आठवण निघते ती सुईची. स्पिरिटचा वास, स्टोव्हवर उकळत्या डब्यात खडखडणारी काचेची सिरिंज, चिमट्याने जाडजूड सुई उचलणारा कंपाउंडर आणि दाराबाहेर रांगेत रडणारी पोरे. कुणी क्षयासाठी महिनोन्‌महिने घेतलेली इंजेक्शने मोजून दाखवतो, तर कुणाला कुत्रा चावल्यावर पोटात टोचलेल्या सुया आठवतात.

आठवणी सांगाव्यात, ऐकाव्यात. पण त्या आठवणींवर विसंबून आजचे उपचार ठरू लागले की पंचाईत होते. कुत्र्याने चावा घेतलेला मुलगा ‘पोटात चौदा सुया’ या धास्तीने घरीच ठेवला जातो. उलट साध्या सर्दीचा रोगी डॉक्टरांना म्हणतो, “डॉक्टरसाहेब, गोळ्यांनी काय होतंय? एक सुई द्या ना!” एका घरात सुईची भीती, शेजारच्या घरात सुईचा मोह. दोन्ही आले ते जुन्या काळातून. म्हणून या आठवणी आज एकेक करून तपासून पाहू.

उकळलेली सुई

पूर्वी एकच काचेची सिरिंज अनेक रोग्यांसाठी वापरत. सुया बोथट झाल्या की दगडावर घासून त्यांना धार लावीत. अशी सुई दुखणारच. पण दुखण्यापेक्षा मोठा धोका डोळ्यांना न दिसणारा होता. सिरिंज पुरेसा वेळ उकळली नाही, किंवा घाईत नुसती सुई बदलली, की एकाच्या रक्तातले जंतू दुसऱ्याच्या शरीरात जात. ‘ब’ आणि ‘क’ प्रकारची कावीळ आणि एड्सचे विषाणू असे पसरू शकतात. सुई स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्याने ते मरत नाहीत.

आता एकदाच वापरून टाकायच्या सिरिंज आल्या. सरकारी लसीकरणात २००५ पासून एकदा वापरली की आपोआप अडकणारी सिरिंज सुरू झाली. पण सिरिंज बदलली तरी माणसाचा हलगर्जीपणा जाईलच असे नाही. २००९ मध्ये आपल्या शेजारच्या गुजरातेत, मोडासा येथे, ‘ब’ प्रकारच्या काविळीची साथ आली आणि अनेकांचा बळी गेला. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याचा प्रकार त्यावेळी उघडकीस आला.

म्हणून एक सवय लावून घ्यावी. इंजेक्शन घेण्यापूर्वी सिरिंजचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे. यात डॉक्टरांचा अपमान नाही. पदवी नसलेल्या, गावोगाव पिशवी घेऊन फिरणाऱ्या ‘डॉक्टर’कडून तर सुई घेऊच नये.

पोटातली चौदा इंजेक्शने

ही आठवण खरी आहे. कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये रेबीजची एक लस तयार केली. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवीत. तिचा जोर कमी, म्हणून मात्रा मोठी आणि दिवसही जास्त लागत. इतके औषध मावायला जागा हवी, म्हणून बेंबीभोवतीच्या कातडीखाली ते टोचत. रोज एक याप्रमाणे दोन आठवडे हा छळ चाले. क्वचित त्या लसीमुळेच मज्जातंतूंना अपाय होई.

ही लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता प्रयोगशाळेत पेशींवर वाढवलेली लस मिळते. सरकारी दवाखान्यात ती दंडाच्या कातडीत, अगदी थोड्या मात्रेत, दोन्ही दंडांवर देतात. त्यासाठी पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस, असे चार हेलपाटे पडतात. खासगी दवाखान्यात ती दंडाच्या स्नायूत दिली तर साधारण पाच इंजेक्शने होतात. पोटात एकही नाही. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर पहिल्याच भेटीत जखमेभोवती आणखी एक औषध भरतात. तयार प्रतिकारशक्ती देणारे हे सीरम लस काम करू लागेपर्यंत विषाणूला रोखून धरते.

चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, चुना, हळद, तेल काही लावू नये. ‘कुत्रा पाळीव आहे, बघू दहा दिवस’ असे म्हणत लस थांबवू नये. मांजर, माकड, कोल्हा यांच्या चाव्यालाही हाच नियम. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. लस मात्र वेळेवर आणि पूर्ण घेतली तर रोग टळतो.

‘सुईने पाय गेला’

काही घरांत वेगळीच आठवण सांगतात. ‘पोराला ताप आला, दवाखान्यात कमरेत सुई दिली आणि दुसऱ्या दिवशी पाय लुळा पडला.’ हीसुद्धा निव्वळ समजूत नव्हे. पोलिओच्या काळात अनेक मुलांच्या शरीरात ताप येतो तेव्हाच पोलिओचा विषाणू असे. अशा वेळी स्नायूत सुई टोचली तर त्याच पायाला लकवा येण्याचा धोका वाढे. दुसरे कारण म्हणजे कुल्ल्यातून जाणारी पायाची जाड शीर. लहान बाळाच्या कुल्ल्यावर मांस कमी असते. तिथे सुई चुकीच्या जागी गेली तर त्या शिरेला इजा होऊन पाय अधू होऊ शकतो.

आज यातले बरेच बदलले आहे. भारतात पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला भाग पोलिओमुक्त ठरला. बाळाला लस देताना मांडीच्या मधल्या भागी बाहेरच्या बाजूला टोचतात, कारण तिथे मोठी शीर नाही. लस दिल्यावर एखादा दिवस ताप येणे, मांडी थोडी दुखणे हे अपेक्षित असते. या तापाच्या भीतीने पुढचा डोस चुकवू नये. ज्या रोगाने पूर्वी पाय गेले, तो रोग लसीनेच हटला.

बाटली चढवली की ताकद?

आता मोहाकडे वळू. भातलावणी उरकली, वीटभट्टीवरून माणूस घरी आला, अंग मोडून आले की ‘एक बाटली चढवा’ असा आग्रह होतो. या बाटलीत असते काय? अर्ध्या लिटर मिठाच्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे चहाचा एक चमचासुद्धा नाही. ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर. त्यातून मिळणारी शक्ती शंभर कॅलरीच्या आतली. घरच्या एका भाकरीत याहून जास्त शक्ती आहे. मग बरे का वाटते? तास-दोन तास पडून राहायला मिळते, शरीरात पाणी जाते आणि मनाला धीर येतो, म्हणून.

रोगी बेशुद्ध असेल, सारखी उलटी होत असेल, जुलाबाने डोळे खोल गेले असतील, तर सलाईन जीव वाचवते. एरवी तोंडाने घेतलेले मीठ-साखरेचे पाणी तेच काम करते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांत कॉलरा पसरला आणि बनगावच्या छावणीत सलाईनच्या बाटल्या अपुऱ्या पडल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजून हजारोंचे प्राण वाचवले. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, इतकेच ते औषध.

गोळीला कमी लेखू नये याचा पुरावा आपल्या कोकणातच आहे. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी मुले हृदय बंद पडून दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यावर वापरून दाखवली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. या कामाची दखल घेऊन २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. क्षयावरही पूर्वी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने अटळ होती. आज साध्या क्षयावर सरकारी दवाखान्यात मोफत गोळ्याच मिळतात. सहा महिने त्या न चुकता घेणे, हीच खरी परीक्षा.

‘नेलेला परत येत नाही’

सर्वांत घातक आठवण ही. पूर्वी पाड्यावरून रोग्याला झोळीत घालून, नदी-ओहोळ ओलांडून मुख्य रस्त्यापर्यंत आणावे लागे. त्याआधी घरगुती औषध, मग भगत. दवाखाना सर्वांत शेवटी. अशा अवस्थेत आणलेले रोगी दगावत आणि गावात बोलले जाई की दवाखान्यात नेलेला परत येत नाही. मग पुढच्या रोग्याला आणखी उशिरा नेत. काही पाड्यांवर रस्त्याची अडचण आजही आहे. म्हणूनच तिथे तर लवकर निघायला हवे.

सर्पदंशात हे विशेष खरे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. ती शिरेतून, सलाईनमधूनच देतात. साप मोठा की लहान, माणूस मोठा की मूल, मात्रा सारखीच, कारण सापाने सोडलेले विष माणूस पाहून कमी होत नाही. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. पुष्कळदा व्रणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. अशा वेळी थांबू नये.

दंशाचा हात-पाय हलवू नये, घट्ट दोरी बांधू नये, ब्लेडने कापू नये. १०८ ला फोन करून डहाणू किंवा कासा येथील उपजिल्हा रुग्णालय वा तलासरीचे ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठावे. भगताला सोबत घ्यायचे असेल तर गाडीत घ्यावे, पण त्याच्यासाठी गाडी थांबवू नये. तिथे गेल्यावर काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे ठेवतात. ते गोठले नाही तर विष रक्तात भिनले आहे असे समजतात. रोगी बरा दिसला तरी एक दिवस ठेवून घेतात, ते याचसाठी. विष उशिराही अंगात उतरू शकते. त्या रात्री भांडून रोग्याला घरी नेऊ नये.

थोडक्यात, कुत्रा चावला, साप चावला, बाळाच्या लसीची तारीख आली, तर सुईला भिऊ नये. साधा ताप, सर्दी, अंगदुखी, अशक्तपणा यांसाठी सुई मागू नये. ताप चढलाच तर रक्त तपासून घ्यावे, कारण आपल्या भागात तो हिवतापही असू शकतो. आणि त्यावरही बहुधा गोळ्याच पुरतात.

एक विनंती घरातल्या मोठ्यांना. ‘गप बस, नाहीतर डॉक्टर सुई देईल’ असे मुलाला सांगू नका. ही धमकी ते विसरत नाही. उद्या त्याला कुत्र्याने चावा घेतला तर त्या भीतीपायी ते जखम आईपासून लपवील.