उसाचा शिरका आणि साखरेचा आजार



कसबे तडवळ्याला १९४१ च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदार परिषदेसाठी बाबासाहेब आले होते, ही आठवण धाराशिव जिल्ह्यातली म्हातारी माणसे अभिमानाने सांगत आली. मात्र अखेरच्या वर्षांत याच महामानवाला मधुमेहाने किती छळले, इन्सुलीन घ्यावे लागे, हे मुलाबाळांना फारसे कुणी सांगत नाही. आज तोच आजार आपल्या वस्तीत घरोघरी आहे. "शिरका प्या, साखर जाते," असा सल्लाही घरोघरी आहे.

साखर जात नाही. शिरक्यातल्या आम्लामुळे जठरातले अन्न सावकाश पुढे सरकते, त्यामुळे भाकरी-भाताची साखर रक्तात हळूहळू उतरते, एवढेच. अमेरिकेतल्या ॲरिझोना येथील संशोधकांनी २००४ साली थोड्या लोकांवर प्रयोग केला. जेवणाआधी पाण्यातून शिरका घेतलेल्यांची साखर जेवणानंतर कमी चढली. उपयोग आहे, पण तो गोळीची जागा घेत नाही.

आपल्याकडे रब्बीत हरभऱ्यावर फडके पसरून पहाटे आंब टिपतात. पोटदुखीवर ती आजीबाईंच्या बटव्यात असतेच, पण तिच्यातले आम्ल वेगळे. तिला शिरका समजू नये.

शिरका करायचा तर गुऱ्हाळावरून ताजा रस आणावा. गाळून चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत पाऊण भरावा. तांब्या-पितळेचे भांडे नको. तोंडाला स्वच्छ सुती फडके बांधून बरणी उबदार, अंधाऱ्या जागी ठेवावी. आठवडाभर फेस येतो. तो बसला की जुना चांगला शिरका असल्यास पाचवा हिस्सा घालावा. वर सायीसारखा पांढरट थर आला तर घाबरू नये. काळी-हिरवी बुरशी दिसली तर मात्र सगळे ओतून टाकावे, रसाच्या पैशाकडे पाहू नये. दोन-तीन महिन्यांत गोडी आणि दारूचा वास दोन्ही जाऊन नुसता आंबट झणका उरतो.

इथे उपासिका विचारतील, मग पाचव्या शीलाचे काय? प्रश्न रास्त आहे. रसाची आधी दारू होते आणि मग हवेतले जंतू तिचे आम्ल करतात. म्हणून अर्धाकच्चा शिरका पिऊच नये. त्यात दारूही असते आणि साखरही, म्हणजे शील आणि पथ्य दोन्ही मोडते. पुरता मुरलेला शिरका ही दारू नव्हे, असे माझे मत आहे. विनयपिटकाच्या महावग्गात पोटात वात धरलेल्या एका भिक्खूची गोष्ट आहे. लोणसोवीरक नावाच्या खारट-आंबट पेयाने त्याला आराम पडला. भगवान बुद्धांनी ते आजाऱ्याला तसेच आणि निरोग्याला पाणी मिसळून घेण्यास संमती दिली.

आपण मात्र आजारी असलो तरी पाणी घालूनच घ्यावे. पेलाभर पाण्यात चहाचा एक चमचा शिरका, चवीला भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि तेही जेवताना. गूळ घातला तर सगळा खटाटोप वाया! अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा लघवी होण्याची गोळी चालू असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. इन्सुलीन घेणाऱ्यांनीही विचारावे. साखर फार उतरली तर दरदरून घाम येतो, हातपाय थरथरतात; तेव्हा लगेच साखर-पाणी द्यावे. आणि प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, आम्लाने दात झिजतात.